उष्णतेला गिऱ्हाईक

माणसाच्या आयुष्यात सत्याचा म्हणून एक क्षण येतो, आणि त्या क्षणी त्याच्या तोंडून जे निघतं त्यावरून त्याची किंमत ठरते. दिगंबर लोहगावकरच्या आयुष्यात हा क्षण मंगळवारी सकाळी आला. तो बोललाही, चांगला खणखणीत बोलला, फक्त त्याचा माइक म्यूट होता. पडद्यावरच्या बाकीच्या चौकटींना अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमधल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये एक पन्नाशीचा माणूस तोंड हलवताना दिसला, आणि तो काहीतरी चघळतोय असं समजून कुणी काही विचारलं नाही.

झालं होतं ते इतकंच. दिगंबरची कंपनी उष्ण प्रदेशातल्या बीफच्या जनावरांचं बीज सुधारून विकायची. वशिंडवाल्या, लोंबत्या कानांच्या जाती, ज्यांचे पूर्वज शंभरेक वर्षांपूर्वी आपल्याकडून बोटीने निघाले आणि ज्यांना अमेरिकेत ब्राह्मण म्हणतात. यात विनोद आहे हे इथे कुणाला कळत नाही, आणि जवळच्या एडिसनमधल्या आपल्या मंडळींत तो सांगायची सोय नाही. कुठल्या वळूची वासरं किती झपाट्याने वाढतील, कत्तलीनंतर टांगलेल्या धडावर किती मांस भरेल, त्या मांसात चरबीची बारीक जाळी, म्हणजे मार्बलिंग, कितपत उतरेल, आणि मुळात ते वासरू उन्हात जगेल का, या सगळ्याचा मिळून प्रत्येक वळूमागे एक आकडा काढायचा. त्या आकड्याला इंडेक्स म्हणतात, आणि तो दिगंबर काढायचा. दर वसंतात फ्लोरिडातल्या एका रँचवर गिऱ्हाइकांचा मेळावा भरायचा आणि तिथे नवा इंडेक्स जाहीर व्हायचा. आजवर ते भाषण वेन नावाचा एक म्हातारा करायचा. वेन निवृत्त झाला तेव्हा यंदा आपणच, असं दिगंबर धरून चालला होता. निळा शर्टही घेऊन ठेवला होता. मंगळवारी कंपनीचा मुख्य डग याने सांगितलं की भाषण परीक्षित करेल. "डिग, मेंदू तूच आहेस," डग म्हणाला, "पण तिथे जेवण असतं. बोलणाऱ्याने पहिला तुकडा सगळ्यांदेखत खायचा, अशी पद्धत आहे. आणि तू तर आपला माल आजवर कधी चाखलेलाच नाहीस." सगळे हसले. हसण्यात दुष्टपणा नव्हता. असता तर काही करता आलं असतं. ते माया करणारं हसणं होतं, घरातल्या बहिऱ्या आजोबांना पाहून हसतात तसं, आणि त्या हसण्यात परीक्षितही होता. त्यावर दिगंबर जे बोलला ते परभणीच्या बसस्टँडवर शिकलेलं होतं, आणि म्यूटमुळे ते बेसमेंटमधल्या ड्रायरने एकट्याने ऐकलं.

पंधरा मिनिटांनी परीक्षितचाच फोन आला. परीक्षित पुण्याचा, राहणार पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला. या कंपनीत येण्याआधी तो घरपोच जेवणाचं अ‍ॅप चालवायचा. गाय आणि म्हैस यांतला फरक त्याला रंगावरून कळायचा.

"दादा, राग नाही ना आला?"

"नाही."

"तुमचं तोंड हलत होतं."

"च्युइंगगम."

"मग ठीक. मला वाटलं शिव्या देताय. यार दादा, मी मागून नाही घेतलं हे. डग म्हणाला, तू खातोस ना, मग तू जा. तुम्ही तिथे काय, डबा काढणार?"

"इंडेक्स तरी माझाच वाचणार आहेस ना?"

"तुमचाच. एक छोटा चेंज केलाय फक्त. हीट टॉलरन्सचं वेटेज खाली आणलं, मार्बलिंगचं वर नेलं."

"किती खाली?"

"ऑलमोस्ट शून्य. पण टेक्निकली आहे ते."

"टेक्निकली मीसुद्धा मीटिंगमध्ये होतो."

"बघा ना, दादा. रेस्टॉरंटवाला मार्बलिंगचे पैसे देतो. उष्णतेला गिऱ्हाईक कोण?"

"उष्णतेने वासरं मरतात, परीक्षित."

"डेटामध्ये तसं दिसत नाही. मी रन करून पाहिलं. उष्णतेचा काही इफेक्टच नाही."

"मेलेल्या वासरांचं काय केलंस?"

"म्हणजे?"

"जी उन्हात मेली, ती कत्तलखान्यापर्यंत पोचली नाहीत. त्यांच्या पुढे मांसाच्या वजनाचा रकाना रिकामा आहे. त्या ओळींचं काय केलंस?"

"मिसिंग होतं ना ते. क्लीन केलं. मिसिंग डेटा कोण ठेवतं?"

म्हणजे आता त्या डेटात उन्हाने मेलेलं एकही वासरू उरलं नव्हतं. परीक्षितने एका दुपारीत, बहुधा कॉफी पिता पिता, अर्ध्या दक्षिण अमेरिकेला पुरेल एवढं ऊन नाहीसं केलं होतं. दिगंबरने हे त्याला समजावून सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळी आवाज चढला. परीक्षितचा आवाज चढला नाही. अशा वेळी आवाज खाली आणायचं प्रशिक्षण त्याला कुठल्यातरी कंपनीने दिलेलं असावं. "दादा, पॉइंट घेतला मी. पण प्रेझेंटेशनचा डेक गेलाय डगकडे. आणि फ्रँकली सांगू? आपण सगळे मारायचंच गणित करतो. मी निदान खातो तरी."

फोन संपल्यावर दिगंबर तसाच बसून राहिला. वर बायकोच्या, शैलजाच्या, पावलांचा आवाज स्वयंपाकघरातून हॉलकडे गेला आणि परत आला. राग आला की त्याला उकडायचं, आधी कानाच्या पाळ्या, मग मान, मग शर्टाच्या आतली पाठ, आणि उकडलं की त्याला नेहमी तेच आठवायचं. परभणीला पशुवैद्यकीय शिकून तो फ्लोरिडात पुढच्या शिक्षणाला आला तो भर उन्हाळा. पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी त्याच्या हाती थर्मामीटर दिला आणि टळटळीत दुपारी गाईंच्या शेपट्या वर करून ताप मोजायला लावलं. अमेरिकेत उच्च शिक्षण म्हणतात ते हे, असं त्याने घरी कळवलं नाही. कुंपणाच्या अलीकडे काळ्या, चकचकीत, युरोपी वळणाच्या गाई तळ्यात पोटापर्यंत शिरून जिभा बाहेर काढून उभ्या होत्या. पलीकडे वशिंडवाल्या, पांढुरक्या, गळ्याखालची पोळी हलवत उन्हात चरत होत्या, जणू वर काही चाललेलंच नाही. त्यांतली एक मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली. परभणीला सिनेमाच्या पोस्टरची खळ चाटणारी गाय अगदी अशी बघायची, तुझं काय ते आटप, अशा चेहऱ्याने. त्या देशात त्याला ओळखणारं ते पहिलं माणूस. आणि मग ते वासरू. काळं, दोन महिन्यांचं. ते तळ्यापर्यंत पोचलं नव्हतं. दिगंबरने टोपीतून पाणी आणून त्याच्या मानेवर ओतलं. बादली शोधायला वेळ गेला असता. प्राध्यापक म्हणाले, ताप लिहून घे. त्याने लिहून घेतला. पारा जिथवर चढू शकतो त्याच्या जवळपास होता. वासराने डोकं खाली टेकवलं ते नेमकं त्याच्या डाव्या बुटावर, आणि ते तिथेच राहिलं. मेलेल्या डोक्याचं वजन जिवंत डोक्याहून जास्त असतं. हे कुठल्याही पुस्तकात नाही, पण त्याचा डावा पाय ते आजही सांगू शकला असता. पाय काढून घेणं बरं दिसेना म्हणून तो उन्हात तसाच उभा राहिला, आणि त्याला रडू यायच्या ऐवजी राग आला, आणि राग कुणावर करायचा ते कळलं नाही. पुढे नोकरीत इंडेक्स मांडताना उष्णतेचं वजन त्याने कुठलं सूत्र वापरून ठरवलं, यावर त्याने परिषदांतून दोनदा व्याख्यान दिलं होतं. सूत्र बरोबरच होतं. पण ते वजन त्याला आधीपासून माहीत होतं.

आणि खाणं. लोक कारण विचारतात. देवावरचा विश्वास त्याचा पहिल्याच वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलावर गेला होता. खाणं नुसतं राहून गेलं, एखाद्याचं पोहणं शिकायचं राहून जातं तसं. मांसाचा मऊपणा मोजायला जीभ लागत नाही. यंत्र असतं, शिजवलेल्या तुकड्यातून पातं आरपार न्यायला किती जोर लागला ते यंत्र सांगतं. कधी न चाखता हजारो जनावरांच्या मऊपणाची प्रत ठरवणारा माणूस म्हणून त्याला स्वतःविषयी एक छुपा अभिमानही होता. निःपक्षपाती. एडिसनच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला सुहासिनीकाकूंनी विचारलं होतं, "गाईंवर संशोधन म्हणजे दुधाचं का रे?" आणि तो "त्यासारखंच" म्हणाला होता. पुढच्या वर्षी मंडळाने गोसेवेबद्दल त्याला शाल आणि नारळ दिला. नारळ चांगला निघाला. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्मे सोमवार ते शुक्रवार दुपारी बर्गर खायचे, आणि ती शाल पांघरून उभं असताना कोण कोण ते खातं याची दिगंबरने मनातल्या मनात उजळणी केली होती. हे सगळं त्याला आता, बेसमेंटमध्ये, एकदम आणि एकत्र आठवत होतं, आणि प्रत्येक आठवणीत कुणी ना कुणी मायेने हसत होतं.

त्याने डगला फोन लावला आणि म्यूट नाही ना हे आधी बघून घेतलं. "मी खाईन," तो म्हणाला.

"काय खाशील?"

"पहिला तुकडा. सगळ्यांदेखत. आणि भाषण मी करीन, माझा इंडेक्स घेऊन. मेलेल्या वासरांसकट."

डग म्हणाला, "डिग, जो खातो तो बोलतो. जो बोलतो त्याचा इंडेक्स. मला एवढंच कळतं." कंपनीचं संशोधन धोरण इतक्या स्पष्ट शब्दांत दिगंबरने प्रथमच ऐकलं.

शैलजाने ऐकून घेतलं. ती कांदा चिरत होती, तो चिरून झाल्यावर बोलली. "खायचं तर खा. घरातली भांडी नकोत."

"घरात कशाला, फ्लोरिडात आहे."

"आणि उलटी झाली म्हणजे? सगळ्यांदेखत?"

हा मुद्दा त्याच्या डोक्यात आला नव्हता. लेक इशिता, कॉलेजातून सुट्टीला आलेली, फ्रिजला टेकून उभी होती. ती म्हणाली, "बाबा, यू डोंट इव्हन नो हाउ टू होल्ड द नाइफ."

"सुरी धरता येते मला. मी डॉक्टर आहे."

"गुरांचा," शैलजा म्हणाली.

तेव्हा सराव ठरला. शैलजाने पनीरचा दीड इंच जाडीचा तुकडा काढून तव्यावर दोन्ही बाजूंनी काळपट होईस्तोवर भाजला. रंग तरी जवळ यावा, असं ती म्हणाली. वर तिने सवयीने चाट मसाला टाकला आणि मग पुसून काढला. इशिता शेजारी बसली. काटा डाव्या हातात, दात खाली, आरी मारल्यासारखं करायचं नाही, एक तुकडा कापायचा आणि काटा खाली ठेवायचा. "अँड डोंट मेक दॅट फेस."

"कुठला फेस?"

"द शाल फेस."

शैलजाला हसू फुटलं आणि दिगंबरलाही फुटणार होतं, पण रागात खंड पडू द्यायची त्याला भीती वाटत होती. एवढा चांगला, कारणासकट राग त्याला बऱ्याच वर्षांत आला नव्हता. पनीर रबरासारखं दाबलं जाऊन सुटत होतं. यंत्राच्या पात्याला किती जोर लागला असता याचा त्याने नकळत अंदाज बांधला. "आपण या माणसाला पंचवीस वर्षं जेवायला घातलं," शैलजा इशिताला म्हणाली, "आणि हा जेवायला शिकतोय कुणासाठी, तर बैलांसाठी." मग तिचा आवाज बदलला. "तुला नसेल खायचं तर नको खाऊस. जाऊ दे त्या परीक्षितला."

"वासरं मरतील."

"तू खाल्लंस तरी ती मरणारच आहेत ना रे. कापायलाच वाढवतात."

दीड-दोन वर्षं हिरव्या गवतावर जगून मग कापलं जाणं आणि दोन महिन्यांचं असताना जीभ बाहेर काढून मरणं यांत फरक आहे, आणि तो फरक हेच त्याचं सगळं आयुष्य आहे, हे तो जेवणाच्या टेबलावर कुठल्या शब्दांत सांगणार होता. त्याने पनीरचा आणखी एक तुकडा कापला आणि काटा खाली ठेवला. "गुड," इशिता म्हणाली.

मेळाव्याच्या दिवशी रँचवर एका मोठ्या पत्र्याच्या शेडखाली लांब टेबलं मांडली होती. शंभरेक माणसं, बहुतेकांच्या डोक्यावर हॅट. रँचचा मालक हॉलिस सत्तरीचा, उंच, कमी बोलणारा. तो टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसला होता. परीक्षितही आला होता. डगने त्याला आणलं होतं, ऐन वेळी दिगंबरने कच खाल्ली तर असावा म्हणून. नव्या बुटांनी त्याचे पाय चावले होते. "दादा, खरंच खाताय?" तो कानाशी येऊन म्हणाला. त्याच्या आवाजात आता काळजी होती, आणि त्या काळजीचाही दिगंबरला राग आला. "नसेल जमत तर मला खुणवा. मी सांभाळून घेईन."

"तू मिसिंग डेटा सांभाळ."

ताट आलं. दिगंबरने ते ओळखलं. आधी कुणी सांगितलं नव्हतं की आपण ते ओळखू. उमेदीच्या वर्षांत त्याने जिवंत जनावरांच्या पाठीवर खाद्यतेल ओतून, त्यावर अल्ट्रासाउंडचा दांडा फिरवून हाच स्नायू हजारो वेळा बघितला होता, बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मधला, राखाडी, धूसर, जिवंत, श्वासाबरोबर हलणारा. तेलाच्या वासाने त्याला तेव्हा घरच्या फोडणीची आठवण यायची. शैलजाला दिवस गेले तेव्हा सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघून त्याच्या तोंडून निघालं होतं, "पाठीवर चरबी कमी आहे," आणि तंत्रज्ञ बाईने शैलजाकडे सहानुभूतीने पाहिलं होतं. आता तोच आकार ताटात रंगीत होऊन निपचित पडला होता. मार्बलिंग बेताचं. भुवईच्या मागे कुठेतरी त्याची प्रत आपोआप ठरून गेली, वडलांकडचे गुण, आईकडचे गुण, किती दिवस चारा, किती दिवस मका. त्याने काटा डाव्या हातात धरला. दात खाली. डगने ग्लासावर चमचा वाजवला आणि शेड शांत झाली. दिगंबरने तुकडा कापला, तोंडात घातला आणि काटा खाली ठेवला.

मीठ लागलं. धूर लागला. त्यानंतर जे होतं त्याला त्याच्या जिभेकडे शब्दच नव्हता. पन्नास वर्षं भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी यांच्यावर पोसलेली जीभ अनोळखी दारापुढे उभ्या असलेल्या पाहुण्यासारखी नुसती उभी राहिली. दाढांखाली तंतू आडवे झाले, सुटले, पुन्हा एकवटले. किळस येईल असं त्याला वाटलं होतं. आली नाही, आणि ती न येण्याचा त्याला धक्का बसला. इतकी वर्षं आपण कशापासून लांब होतो, तर या साध्या, ओलसर, खारट गोष्टीपासून. डावा पाय बुटाच्या आत जड झाला. शंभर हॅट त्याच्याकडे बघत होत्या. त्याने गिळलं. डगने टाळी वाजवली, इतरांनी जरा गोंधळून वाजवली.

मग तो उठला आणि बोलला. निळा शर्ट पाठीला चिकटला होता. पडद्यावरचे तक्ते त्याने बाजूला ठेवले आणि रिकाम्या ओळींबद्दल बोलला. म्हणाला, माझ्याकडे अशा वासरांची नावं आहेत ज्यांच्यापुढे मांसाचा रकाना कोरा आहे, आणि तुम्हाला मांसाचे आकडे विकणारा प्रत्येक माणूस तो कोरा रकाना आधी पुसून येतो. म्हणाला, जे पोचलं त्यावरून न पोचलेल्याची किंमत काढता येत नाही. म्हणाला, मार्बलिंग हे जगलेल्याचं सुख आहे. हे वाक्य त्याने तयार केलेलं नव्हतं, ते रागाने आणलं होतं. इंग्रजी उच्चार परभणीला गेले आणि त्याने ते आणायला माणूस पाठवला नाही. मागच्या रांगेतल्या एका बाईने हॅट काढून मांडीवर ठेवली. परीक्षित आपल्या बुटांकडे बघत होता. शेवटी डगने उठून सांगितलं की कंपनीचा यंदाचा इंडेक्स हाच, उष्णतेच्या पुऱ्या वजनासकट. सगळं इतकं सरळ झालं की दिगंबरला जिंकल्याचं कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा राग तिथेच होता, नोकरी गेलेल्या माणसासारखा, रोजच्या वेळेला तयार होऊन बसलेला.

शेडच्या दुसऱ्या टोकाला हॉलिसने त्याला शेजारी बोलावून घेतलं. "चांगलं बोललास," तो म्हणाला. "मागच्या उन्हाळ्यात माझी अकरा गेली. एक विचारू? ते काय होतं? सगळ्यांदेखत घास खाऊन दाखवलास ते."

"पहिला तुकडा," दिगंबर म्हणाला. "तुमच्याकडची पद्धत."

"आमच्याकडची?" हॉलिसने बायकोकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली. "आम्हाला वाटलं तुमच्या कंपनीची. वेनला भूक आवरायची नाही, तो भाषणाआधीच सुरू करायचा. तेवढंच आम्हाला माहीत."

दिगंबरने हॉलिसच्या ताटाकडे पाहिलं. ताटात चिकन होतं. सहा वर्षांपूर्वी गोचीड चावली, तिकडच्या एका जातीच्या गोचिडीने होते ती मांसाची अ‍ॅलर्जी झाली, आणि तेव्हापासून हॉलिसला बीफ चालत नाही. अंगावर गांधी उठतात.